भिंतीआरपार जाणारी वीज

विजेच्या तारेवर रबराचे वेष्टन का असते, हे शाळेतल्या मुलालाही सांगता येते. तांब्यातून वीज वाहते, रबरातून वाहत नाही. पहिल्याला आपण संवाहक म्हणतो, दुसऱ्याला निरोधक. आणि या दोहोंच्या भरवशावरच आपले घर, आपले रस्ते आणि आपले कारखाने निर्धास्त चालतात. परंतु हा निरोधक पातळ करीत करीत अवघ्या पाचपंचवीस अणूंच्या जाडीचा केला, तर काय होईल? तो तेव्हाही विजेला अडवील काय? प्रश्न पोरकट वाटण्याजोगा आहे. पण विसाव्या शतकाच्या मध्यावर दोन तरुणांनी तो मनापासून विचारला आणि त्यातून पदार्थविज्ञानाचे एक नवे दालन उघडले. त्या दालनाचा परिचय करून देण्याचा आमचा आज विचार आहे. गणिताच्या वाटेला आम्ही जाणार नाही. पण विषयच थोडा चमत्कारिक असल्यामुळे वाचकांनी जरा सावकाश, पायरी पायरीने चालावे, एवढी विनंती.

पहिली पायरी थंडीची. हॉलंडमधील लायडेन येथे कामर्लिंग ओनेस या शास्त्रज्ञाने १९०८ साली हीलियम वायूचा द्रव केला. हा द्रव शून्याखाली सुमारे २६९ अंश सेल्सियसवर उकळतो; म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम चार अंश. इतक्या थंडीत धातूंचे काय होते, हे पाहताना १९११ साली त्यांच्या प्रयोगशाळेत असे दिसले की, पाऱ्याचा विद्युत्‌रोध एका विवक्षित तपमानाला एकाएकी नाहीसा होतो. कमी होतो असे नव्हे, नाहीसाच होतो. अशा धातूच्या कड्यात एकदा प्रवाह सुरू करून दिला की, बॅटरीवाचून तो वर्षानुवर्षे फिरत राहू शकतो. या गुणास अतिसंवाहकता हे नाव मिळाले. शिसे, कथील, ॲल्युमिनियम हे आपल्या ओळखीचे धातूही पुरेशा थंडीत अतिसंवाहक होतात.

असे का होते, याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास १९५७ साल उजाडावे लागले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि जॉन श्रीफर या तिघांनी दाखवून दिले की, अतिसंवाहकातील इलेक्ट्रॉन सुटे राहत नाहीत. ते जोड्या करतात, आणि या सर्व जोड्या मिळून एकाच लयीत वागतात. जोडी फोडावयाची तर काही किमान ऊर्जा खर्चावी लागते. ती ऊर्जा अल्प असली, तरी त्या थंडीत तेवढीही सहज उपलब्ध नसते. म्हणून जोड्या अभंग राहतात आणि प्रवाह निर्वेध वाहतो. या किमान ऊर्जेला ऊर्जेतील फट म्हणतात. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

दुसरी पायरी भिंतीची. बोरघाटातून रेल्वे नेताना डोंगर चढण्याचे श्रम वाचावेत म्हणून बोगदे खणावे लागले. इलेक्ट्रॉन निरोधकाची भिंत ओलांडतो त्या क्रियेलाही शास्त्रज्ञ ‘बोगदा’ असेच म्हणतात. नाव सोयीचे आहे, पण थोडे फसवेही आहे. कारण येथे कोणी काही खणीत नाही. पुंजयामिकीच्या मते इलेक्ट्रॉन हा नुसता कण नव्हे, त्याला तरंगाचेही स्वरूप आहे. तरंग भिंतीपाशी येऊन एकदम थबकत नाही. भिंतीच्या आत तो झपाट्याने मावळत जातो. भिंत जाड असेल तर पलीकडे काहीच उरत नाही. पण ती अत्यंत पातळ असेल, तर पूर्ण मावळण्यापूर्वीच पलीकडचा काठ लागतो, आणि तरंगाचा अल्पसा अंश तेथे शिल्लक असतो. याचाच अर्थ असा की, ऊर्जा अपुरी असूनही इलेक्ट्रॉन पलीकडे सापडण्याची थोडी शक्यता असते. भिंतीची उंची एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली, तर जाडी एका नॅनोमीटरने वाढताच ही शक्यता सुमारे अठ्ठावीस हजार पटींनी घटते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. नित्याच्या व्यवहारात आपल्याला हा चमत्कार का दिसत नाही, हे आता निराळे सांगावयास नको.

ही कल्पना नवी नव्हती. किरणोत्सर्गी अणूंतून आल्फा कण बाहेर कसे पडतात याचा उलगडा १९२८ सालीच तिच्या साहाय्याने झाला होता. १९५७ साली जपानमध्ये लिओ एसाकी यांनी जर्मेनियमच्या अर्धसंवाहक सांध्यात असाच प्रवाह स्पष्टपणे दाखविला. राहिला होता तो अतिसंवाहकांचा प्रांत. त्यात पाऊल टाकले ते नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या एका यांत्रिकी अभियंत्याने.

इव्हार येव्हर हे त्यांचे नाव. ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत नोकरीस होते आणि पदार्थविज्ञान शिकण्यासाठी जवळच्याच रेन्सलर संस्थेतील वर्गांनाही जात असत. विद्यार्थिदशेत या विषयात आपल्याला कसेबसे उत्तीर्ण होण्याइतकेच गुण होते, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. प्रयोगशाळेत त्यांचे काम होते दोन धातूंमध्ये पातळ निरोधक बसवून प्रवाह मोजण्याचे. निरोधक त्यांनी आयता निसर्गाकडूनच घेतला. काचेवर ॲल्युमिनियमचा पट्टा बसविला आणि त्यास हवा लागू दिली, की त्याच्यावर दोनतीन नॅनोमीटर जाडीची ऑक्साइडची साय आपोआप धरते. तिच्यावर दुसरा धातू आडवा बसविला की झाला सांधा तयार. इकडे वर्गात अतिसंवाहकाच्या ऊर्जा-फटीची माहिती त्यांच्या कानी पडली, आणि त्यांच्या मनात आले की, दुसरा धातू शिशाचा घेऊन सांधा द्रव हीलियमच्या थंडीत ठेवला, तर ही फट साध्या व्होल्टमापकाने मोजता यावी!

हे कसे, ते पाहण्यासाठी एखाद्या नाट्यगृहातील चढत्या रांगा डोळ्यांपुढे आणाव्यात. साध्या धातूत खालच्या सर्व रांगा इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या असतात, आणि भरलेल्या शेवटच्या रांगेच्या लगेच वर रिकाम्या रांगा सुरू होतात. म्हणून दाब थोडासा लावला तरी शेजारच्या धातूतील इलेक्ट्रॉनाला येथे जागा मिळते व प्रवाह सुरू होतो. अतिसंवाहकात मात्र व्यवस्था निराळी असते. भरलेल्या रांगांच्या वरच्या काही रांगाच उचललेल्या असतात, आणि तेथल्या खुर्च्या फटीच्या वरच्या व खालच्या काठावर दाटीने मांडलेल्या असतात. पलीकडून भिंत ओलांडू पाहणाऱ्या इलेक्ट्रॉनाला बसण्यास जागाच नाही. तेव्हा तो यावयाचा कोठे? दाब वाढवीत वाढवीत तो फटीच्या वर पोचला की मात्र एकदम पुष्कळ खुर्च्या मोकळ्या सापडतात, आणि प्रवाह झपाट्याने चढतो. १९६० साली येव्हर यांना नेमके हेच दिसले. शिसे साधे असताना प्रवाहाची रेषा सरळ होती; ते अतिसंवाहक होताच, लहान दाबांना रेषा खाली दबली आणि सुमारे दीड मिलिव्होल्टच्या आसपास वर उसळली. जी गोष्ट इतरत्र अवघड व खर्चिक उपकरणांनी शोधली जात होती, ती काचेची एक पट्टी आणि दोन धातूंचे पापुद्रे यांनी सांगून टाकली. बार्डीन, कूपर व श्रीफर यांच्या उपपत्तीला इतका प्रत्यक्ष पुरावा क्वचितच दुसरा मिळाला असेल.

तिसरी पायरी सर्वांत अवघड. पण खरी गंमत तेथेच आहे. येव्हर यांच्या प्रयोगात भिंत ओलांडीत होते ते सुटे इलेक्ट्रॉन. जोडीच्या जोडी भिंत ओलांडील काय? जाणत्या लोकांचे उत्तर ठरलेले होते. एकाने पार होण्याची शक्यता लाखात एक असेल, तर दोघांनी एकदम पार होण्याची लाखातल्या एकाचा लाखावा भाग. म्हणजे जवळजवळ शून्यच. हिशेब बिनतोड दिसतो. केंब्रिज विद्यापीठातील ब्रायन जोसेफसन या बावीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याने १९६२ साली दाखवून दिले की, हा हिशेबच येथे लागू नाही. जोडी म्हणजे आपापल्या नशिबाने स्वतंत्रपणे निघालेले दोन वाटसरू नव्हेत. एका बाजूच्या सर्व जोड्यांचा मिळून एकच तरंग आहे, दुसऱ्या बाजूच्या जोड्यांचा मिळून दुसरा एकच. आणि हे दोन तरंग पातळ भिंतीत एकमेकांस स्पर्श करतात. म्हणून जोड्यांचा प्रवाह सुट्या इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहाच्याच तोडीचा असला पाहिजे, आणि मुख्य म्हणजे, दोन बाजूंत दाबाचा काहीही फरक नसताना तो वाहिला पाहिजे!

लेझमीच्या दोन पथकांचा दाखला घेऊ. मध्ये पातळ पडदा आहे आणि दोन्ही पथके एकाच गतीने खेळत आहेत. एकाचा ठेका दुसऱ्याच्या किंचित पुढे आहे, आणि हे अंतर जसेच्या तसे टिकून आहे. ठेक्यांतील या अंतराला शास्त्रात कलांतर म्हणतात. जोसेफसन यांच्या समीकरणाप्रमाणे सांध्यातून जाणारा प्रवाह या कलांतरावर अवलंबून असतो. ते स्थिर असेल तर प्रवाह स्थिर, आणि त्यासाठी दाब नको. आता सांध्याला थोडा दाब लावला, तर जणू एका पथकाची गती वाढते. कलांतर सतत सरकत राहते, आणि प्रवाह एकदा इकडे, एकदा तिकडे असा डोलू लागतो. स्थिर दाब लावावा आणि प्रत्यावर्ती प्रवाह मिळावा, हे या विधानाचे दुसरे नवल. दाब अवघा एक मायक्रोव्होल्ट असेल, तर हे डोलणे सेकंदाला सुमारे ४८ कोटी ३६ लाख वेळा होते.

या विधानाला विरोध झाला, आणि तो केला खुद्द बार्डीन यांनी. ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल १९५६ सालचे नोबेल पारितोषिक मिळविलेला, अतिसंवाहकतेची उपपत्ती मांडणारा हा मोठा माणूस. जोड्यांचे बंधन निरोधकात पोचतच नाही, सबब असा प्रवाह अशक्य, असे त्यांचे म्हणणे. १९६२ च्या सप्टेंबरात लंडनच्या परिषदेत दोघांनी आपापली बाजू मांडली. एकीकडे त्या विषयाचा सर्वमान्य आचार्य, दुसरीकडे अजून डॉक्टरेटही न मिळालेला विद्यार्थी. लौकिकाच्या तराजूत पारडे कोणीकडे झुकले असते ते सांगावयास नको. परंतु विज्ञानाच्या दरबारात शेवटची साक्ष प्रयोगाची. बेल प्रयोगशाळेत फिलिप अँडरसन आणि जॉन रोवेल यांनी कथील व शिसे यांच्यामध्ये अतिशय पातळ ऑक्साइड घालून सांधा केला, आणि दाबाशिवाय वाहणारा प्रवाह त्यांना सापडला. पण भिंतीला कोठे सूक्ष्म छिद्र पडून दोन्ही धातू चिकटले असतील, तरी असाच प्रवाह दिसेल! मग खरे कसे ओळखावे? जोसेफसन यांचा प्रवाह चुंबकीय क्षेत्रापुढे अत्यंत हळवा असतो. चिकटलेल्या धातूंचा तसा नसतो. पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आवरणाने रोखताच प्रवाह वाढला, आणि थोडे क्षेत्र लावताच तो लोपला. १९६३ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. बार्डीन यांनीही मग आपला विरोध सोडला, हे त्यांच्या मोठेपणास शोभेसेच झाले.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. दाबाविना वाहणारा प्रवाह येव्हर यांनी आपल्या सांध्यांत पूर्वी अनेकदा पाहिला होता. भिंत फुटली असावी असे समजून ते असे सांधे निकामी ठरवीत. पुढे त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले, आणि केवळ दिसणे म्हणजे शोध नव्हे, दिसले त्याचे महत्त्व उमगले पाहिजे, असा त्याचा अर्थही लावला. १९७३ सालच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग एसाकी व येव्हर यांना आणि अर्धा जोसेफसन यांना मिळाला.

याचा सामान्य माणसाला उपयोग काय, असे कोणी विचारील. तो प्रश्न रास्त आहे. दाब आणि डोलण्याची वारंवारता यांचे गुणोत्तर धातूवर किंवा सांध्याच्या आकारावर अवलंबून नसते. ते निसर्गाच्या दोन मूलभूत स्थिरांकांवर ठरते. वारंवारता तर आपण अत्यंत काटेकोर मोजू शकतो. म्हणून आज देशोदेशींच्या मापन-संस्थांतून व्होल्टचे प्रमाण ठरविले जाते ते असे हजारो सांधे ओळीने जोडून. १९६४ साली फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत दोन सांध्यांचे एक कडे तयार झाले. स्क्विड या नावाने ओळखले जाणारे हे साधन चुंबकीय क्षेत्राचा सूक्ष्मतम बदल टिपते. आपला मेंदू काम करताना जे क्षेत्र निर्माण करतो, ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या कोट्यवधी पटींनी क्षीण असते. कवटीला धक्का न लावता तेही याने मोजता येते, आणि अपस्माराच्या रोग्यांच्या तपासणीत त्याची मदत होते.

सुट्या इलेक्ट्रॉनाने भिंत ओलांडली, मग जोडीने ओलांडली. पुढचा प्रश्न असा की, अब्जावधी जोड्यांचा सबंध समूहच एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत असा बोगद्याने जाऊ शकेल काय? १९८४ व १९८५ साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथे जॉन क्लार्क, मिशेल देवोरे आणि जॉन मार्टिनिस यांनी जोसेफसन सांध्याच्या मंडलावर प्रयोग करून याचे उत्तर ‘होय’ असे दिले. हाती धरता येईल अशा वस्तूतही पुंजयामिकीचे नियम चालताना दिसले. २०२५ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना त्याबद्दल मिळाले. याच सांध्यांवर आज नव्या प्रकारची पुंज-संगणक यंत्रे उभारण्याचा यत्न चालला आहे. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशा सहा घटकांच्या संगणकाची चाचणी २०२४ साली पार पडली.

अभियंत्याचा व्यवसाय करता करता वर्गात जाऊन बसलेला एक प्रौढ विद्यार्थी, आणि आचार्यांसमोर नम्रपणे, पण न डगमगता आपले समीकरण मांडणारा एक तरुण. या दोघांनी काही अणूंच्या जाडीच्या भिंतीत हे सारे पाहिले. मोठ्यांचा मान राखावा, हे खरेच. पण प्रयोगाची साक्ष निघेपर्यंत कोणाचाही शब्द अखेरचा मानू नये, ही शिस्तही त्यांच्या हकीकतीतून शिकण्यासारखी आहे. ज्या सांध्याला आपण बिघडलेला म्हणून बाजूला टाकतो, त्याच्याकडे टाकण्यापूर्वी एकदा पुन्हा पाहावे, एवढे जरी या व्याख्यानातून वाचकांच्या मनात राहिले, तरी आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.