बेत जानेवारीचा, सवड आषाढाची

काशी, केरळ, काश्मीर, जमलंच तर नेपाळ. पलूस तालुक्यात ३१ डिसेंबरच्या रात्री झालेली ही यादी साधारण संक्रांतीपर्यंत टिकते. मग द्राक्षाचा व्यापारी बागेत येतो, उसाला तोड मिळते आणि यादी मोबाइलमध्ये तशीच पडून राहते. "आपल्यात चिकाटीच न्हाई," असं लोक स्वतःलाच बोल लावतात. फळछाटणीपासून तोडणीपर्यंत रात्री-अपरात्री बागेत फवारणी करणाऱ्या माणसाने हे म्हणावं, याची गंमत वाटते. चिकाटी भरपूर आहे. बेतच चुकीच्या समजुतींवर आखलेला असतो.

सगळ्यांत मोठी समजूत अशी की नवं वर्ष जानेवारीत लागतं, म्हणून फिरण्याचं वर्षही जानेवारीपासूनच मोजायचं. आपल्या शिवाराचं वेळापत्रक वेगळं आहे. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलच्या आसपास, फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, पुढे डाऊनी आणि भुरी या रोगांची धास्ती, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. उसाचा गळीत हंगामही दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. पुण्यामुंबईचे पाहुणे दिवाळीच्या सुट्टीत "चला की राजस्थानला" म्हणतात, नेमकं तेव्हाच बागायतदाराला बांध सोडता येत नाही. त्याला सवड मिळते ती आषाढ-श्रावणात.

"पावसात कुठं जायचं?" हा त्यावरचा ठरलेला प्रश्न. पण पाऊस देशभर एकाच वेळी पडत नाही. लडाख हिमालयाच्या पर्जन्यछायेत आहे आणि जुलै-ऑगस्ट हाच तिथला फिरायचा हंगाम. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर असल्याने पहिले दोन दिवस फक्त विश्रांतीसाठी धरावे लागतात. चार दिवसांत लडाख उरकू म्हणणाऱ्यांनी हे आधी लिहून ठेवावं. तमिळनाडूचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, त्यामुळे आपल्याकडे धो-धो पडत असताना मदुराई, तंजावर बऱ्यापैकी कोरडं असतं, ऊन मात्र सोसावं लागतं. भिलवडी, अंकलखोप, आमणापूर अशा नदीकाठच्या गावांनी एवढं जरूर पाहावं की त्या दिवसांत सगळं घर एकदम बाहेर पडू नये. २०१९ आणि २०२१ चे महापूर कुणी विसरलेलं नाही. निम्म्यांनी आषाढात जावं, निम्म्यांनी मे महिन्यात.

याच आषाढात बेत कसा पाळायचा हे वारकरी दाखवतो. तो "यंदा जमलं तर पंढरपूर" असं म्हणत नाही. एकादशी पंचांगात ठरलेली असते. तारीख आधी, मग त्याभोवती पेरणी, भांगलण आणि घरची कामं बसवली जातात. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातही हेच दिसलं, की नुसता संकल्प करणाऱ्यांपेक्षा 'कधी, कुठे, कसं' आधी ठरवणाऱ्यांच्या हातून काम जास्त वेळा पार पडतं. दहा ठिकाणांच्या यादीपेक्षा कॅलेंडरवर खूण केलेली एक तारीख मला म्हणूनच भरवशाची वाटते.

रेल्वेविषयी तर जुन्या माहितीवरच कारभार चालतो. आरक्षण चार महिने आधी सुरू होतं, हे आता खरं नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत १२० वरून ६० दिवसांवर आली, आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. म्हणजे १० मे रोजी सुटणाऱ्या गाडीचं आरक्षण ११ मार्चला सकाळी ८ वाजता खुलतं. जानेवारीत "तिकीट मिळंना" म्हणून बेत रद्द करणारे खिडकी उघडण्याआधीच परत फिरलेले असतात. "तत्काळ आहेच की," असंही म्हणतात, पण ते गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी मिळतं आणि कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत येत नाहीत. ऑनलाइन काढलेलं वेटिंग तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर आपोआप रद्द होतं. ते घेऊन डब्यात चढता येत नाही. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली गेली, ती धरून आजीआजोबांचा खर्च काढू नये. उलट फारशी कुणाला ठाऊक नसलेली एक सोय आहे, सर्क्युलर जर्नी तिकीट. जिथून निघालो तिथेच परत येणाऱ्या मोठ्या तीर्थयात्रेला एकच तिकीट, वाटेत आठपर्यंत थांबे, आणि भाडं सलग लांब पल्ल्याच्या हिशेबाने, म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी काढण्यापेक्षा स्वस्त.

नेपाळला आधार कार्ड चालतं, हाही घोटाळ्याचाच समज. १५ ते ६५ वयाच्या भारतीयाला पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. कपाटातलं मतदान कार्ड शोधायचं, नाव-जन्मतारीख जुळते का पाहायची, हे मात्र जानेवारीतच करण्यासारखं काम आहे.

आणि 'प्रवास म्हणजे लांब जाणं' याचं काय करावं? केरळातलं अभयारण्य पाहून आलेल्या किती पलूसकरांनी सागरेश्वर नीट पाहिलंय, हे विचारायची सोय नाही. पलूस, कडेगाव आणि वाळवा या तीन तालुक्यांच्या हद्दीवरचं हे १०.८७ चौरस किलोमीटरचं जंगल मुळात माणसांनी उभं केलेलं आहे. बोडक्या डोंगरावर झाडं लावून, प्राणी आणून सोडून ते वाढवलं, धों. म. मोहिते यांचा त्यात मोठा वाटा आणि १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा. शेजारच्या देवराष्ट्रे गावात १२ मार्च १९१३ रोजी यशवंतराव चव्हाण जन्मले. कुंडल हे ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारचं मुख्य ठाणं. त्याच्याच तूफान सेनेने जून १९४३ मध्ये पगाराची रेल्वेगाडी अडवली ती शेणोलीजवळ, आणि किर्लोस्करवाडीहून पुण्याकडे जाताना ताकारी, भवानीनगर ओलांडलं की तेच शेणोली स्टेशन लागतं. किर्लोस्करवाडीसुद्धा १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर वसवलेली. नव्या वर्षाची पहिली तारीख हवी असेल तर औदुंबरला मकर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. आठ दशकांची ही परंपरा पलूसपासून हाकेच्या अंतरावर आहे.

एसटीबद्दल दोनच गोष्टी. 'आवडेल तेथे प्रवास' हा पास सहलवाल्यांपुरता आहे, असं समजू नका. तो चार किंवा सात दिवसांचा कुणालाही मिळतो आणि गर्दीचा हंगाम नसला की स्वस्त पडतो. महिलांना मार्च २०२३ पासून मिळणारं अर्धं तिकीट मात्र महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माला एसटीने निघालेल्या बायकांनी सीमेपर्यंतचं भाडं निम्मं आणि पुढचं पूर्ण, असाच हिशेब करून पैसे बांधावेत.