कोरड्या ऋतूंत पारखलेली जमीन

जमीन खरेदी करतांना ती कोणत्या ऋतूंत पाहिली, हा विचार पुष्कळांस क्षुल्लक वाटतो. त्याचें महत्त्व दाखविणारी, अमेरिकेंतील एका नामशेष वसाहतीची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

नॉर्वे देश डोंगराळ. लागवडीजोगी जमीन तेथें फार थोडी. त्यामुळें १८२५ पासून तेथील शेतकरी अमेरिकेची वाट धरूं लागले. १८३७ सालीं बर्गेन बंदरांतून 'एगिर' जहाजानें ८० हून अधिक उतारू निघाले. त्यांत ओले रिनिंग नांवाचा एका धर्मोपदेशकाचा सुशिक्षित मुलगा होता. शिकागोस पोंचल्यावर मंडळींनीं रिनिंगसह चार असामींस जमीन पाहण्यास पाठविलें. त्यांनीं इलिनॉय संस्थानांत, शिकागोच्या दक्षिणेस, बीव्हर क्रीक नामक ओढ्याकांठचा गवताळ माळ पसंत केला. सरकारी जमिनीचा दर एकरीं सव्वा डॉलर होता. पावसाळी पाणी ओसरून गेलें होतें व माळ कोरडा दिसत होता. सुमारें पन्नास माणसांनीं तेथें ओंडक्यांचीं घरें बांधलीं.

त्या हिंवाळ्यांत रिनिंगचे पाय थंडीनें गोठले. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यानें जमिनीचे दर, मजुरी वगैरे माहिती देणारें एक लहान पुस्तक लिहिलें. त्याचा सोबती आन्स्टेन नाटेस्टाड यानें हस्तलिखित स्वदेशीं नेलें व १८३८ सालीं तें छापून निघालें.

इकडे १८३८ च्या वसंतांत सारा माळ पाण्याखालीं गेला आणि पुढें हिंवतापानें वसाहत ग्रासली. या तापाचे जंतु डासाच्या शरीरांत वाढतात हें रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबादेस १८९७ सालीं दाखविलें. या बिचाऱ्यांस तें कोठून ठाऊक असणार? पुष्कळ माणसें दगावलीं. त्याच सालीं रिनिंगही वारला. उरलेलीं कुटुंबें बहुतेक फॉक्स नदीकांठच्या नॉर्वेजियन वसाहतींत गेलीं आणि थोड्याच वर्षांत बीव्हर क्रीक ओस पडलें. १८३९ सालीं नवे प्रवासी घेऊन नाटेस्टाड परतला, तेव्हां त्याला मित्राच्या मृत्यूची वार्ता कळली.

तथापि ती माती वाईट नव्हती. १८७९ सालीं इलिनॉयांत निचऱ्याचे कायदे झाले. शेतकऱ्यांनीं जमिनीखालीं भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरून पाणी ओढ्यांत काढून दिलें. आज त्या मुलुखांत मका व सोयाबीन यांचीं विस्तीर्ण शेतें आहेत. उणीव होती ती निचऱ्याची. आणि एकट्यादुकट्या कुटुंबाच्या हातून ती दूर होण्यासारखी नव्हती.

आमच्या शेतकरी बंधूंस एवढेंच सांगणें आहे कीं, उन्हाळ्यांत मनांत भरलेली जमीन एकदां भर श्रावणांत पाहावी. बांधाशीं लव्हाळा माजला आहे काय, पाणी कोठून येतें व कोठें जातें, याची शेजाऱ्यांजवळ चौकशी करावी. आणि मगच इसार द्यावा.