शुद्धिपत्राचे मोल

जुन्या मराठी ग्रंथांना ‘शुद्धिपत्र’ जोडलेले असे. त्यानुसार आपली प्रत सुधारून मगच वाचनास आरंभ करावा, अशी अपेक्षा असे. संगणकाच्या क्षेत्रात या प्रथेचे मोल अधिकच आहे. सर्व्हरशी संपर्क साधणाऱ्या आज्ञावली आज तयार संग्रहांतून घेतल्या जातात. अशा संग्रहास व्यवहारात लायब्ररी म्हणतात. ती वापरणारा बहुधा मूळ आज्ञावली वाचत नाही. सोबतच्या माहितीपुस्तिकेवर विसंबतो. साहजिकच पुस्तिकेतील चूक कागदावर न राहता त्याच्या कामात उतरते.

पायथन भाषेतील ‘रिक्वेस्ट्स’ या लायब्ररीचे उदाहरण घेऊ. तीत ‘टाइमआउट’ ठरवून देता येतो. ही मर्यादा संपूर्ण उत्तर उतरवून घेण्याच्या एकूण वेळेची नव्हे, तर सर्व्हर किती काळ गप्प राहिला तर थांबावे याची आहे, असा स्पष्ट खुलासा पुस्तिकेत आहे. तेथे चुकून ‘एकूण वेळ’ असे छापले गेले, तर थोडे थोडे उत्तर पाठवत राहणारा सर्व्हर आपल्याला कितीही काळ अडकवून ठेवू शकतो, हे वाचकाच्या ध्यानातही येणार नाही.

चूक वेळीच न सुधारल्यास काय होते, हे टीसीपी या संपर्कनियमाच्या इतिहासात दिसते. जॉन पोस्टेल यांनी संपादिलेला ‘आरएफसी ७९३’ हा दस्तऐवज सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. निकडीचा मजकूर कोठे संपतो हे दर्शविणारा एक आकडा त्यात योजला आहे. एका ठिकाणी तो आकडा त्या मजकुरानंतरच्या बाइटाकडे निर्देश करतो, असे म्हटले आहे. अन्यत्र तो शेवटच्या बाइटाकडेच निर्देश करतो, असा अर्थ निघतो. अंतर अवघ्या एका बाइटाचे! ऑक्टोबर १९८९ च्या ‘आरएफसी ११२२’ने पहिले विधान चुकीचे ठरविले. परंतु आज्ञावली लिहिणाऱ्यांनी पहिलेच विधान प्रमाण मानले होते आणि ती वहिवाट मोडली नाही. अखेर जानेवारी २०११ मध्ये ‘आरएफसी ६०९३’ने नियमच वहिवाटीप्रमाणे बदलला आणि नव्या आज्ञावलींनी ही सोय वापरू नये, असा सल्ला दिला. २०२२ च्या ‘आरएफसी ९२९३’मध्येही तोच बदललेला अर्थ कायम आहे.

तात्पर्य, चूक ताजी असताना एका वाक्याने सुधारते. रुळली की तीच नियम होऊन बसते.

सुधारणा सुचविण्याचीही एक शिस्त आहे. लायब्ररीची कोणती आवृत्ती, कोणते वाक्य, हे नेमके सांगावे. आज्ञावली प्रत्यक्ष चालवून पाहावी, कारण क्वचित पुस्तिका बरोबर असून आज्ञावलीच चुकलेली असते. नुसता दोष न दाखविता पर्यायी वाक्य लिहून द्यावे आणि एका वेळी एकच दुरुस्ती करावी, म्हणजे तपासणाऱ्याचे काम हलके होते. या व्यवसायातील माजी विद्यार्थ्यांना हे काम किरकोळ वाटू नये. ज्याने दुरुस्ती केली त्याचे नाव कदाचित कोणी लक्षात ठेवणार नाही. परंतु त्या वाक्यावर विसंबणाऱ्या अनोळखी माणसाचे काम अडणार नाही.