पोलाद पाच रुपयांनी महागलं तर?

चाकणच्या एका वाहन-सुटे भागांच्या कारखान्यात मी वित्त विभाग सांभाळते. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण अंदाजपत्रकाची धावपळ डिसेंबरातच सुरू होते. पूर्वी विक्री, खरेदी, उत्पादन या विभागांचे एक्सेल तक्ते ईमेलने यायचे. त्यांतला ताजा कोणता, हे जुळवण्यातच दिवस जायचे.

आता आम्ही क्लाउडवरचं नियोजन सॉफ्टवेअर वापरतो. अ‍ॅनाप्लॅन, वर्कडे अ‍ॅडॅप्टिव्ह प्लॅनिंग ही त्यातली प्रसिद्ध नावं. सगळे आकडे एकाच ठिकाणी राहतात आणि प्रत्येक विभागप्रमुख ब्राउझरमधून आपला भाग भरतो. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते. पगाराचे आकडे फक्त अधिकार असलेल्यांनाच दिसतात.

खरी ताकद आकड्यांच्या साखळीत आहे. समजा, एका नगाला २ किलो पोलाद लागतं आणि महिन्याला १ लाख नग बनतात. पोलादाचा दर किलोमागे ५ रुपयांनी वाढला, तर महिन्याचा खर्च १० लाखांनी वाढतो. दर एकाच जागी बदलला की नफा आणि रोकड यांचे अंदाजही लगेच बदलतात. महिनाअखेरीस प्रत्यक्ष आकडे आले की आम्ही पुढच्या १२ महिन्यांचा अंदाज नव्याने मांडतो.

तरीही गृहीतकं माणसांनीच ठरवायची असतात. म्हणून माझा आग्रह असतो, की अंदाजपत्रकाच्या बैठकीत शॉपफ्लोअरचे सुपरवायझरही हवेत. मशीन कधी बंद ठेवावं लागेल, हे त्यांनाच आधी कळतं.