घनदाट जंगल, निकस जमीन

ॲमेझॉनच्या खोऱ्यातील जंगलाचे चित्र पाहिले म्हणजे तुम्हाला वाटेल, इथली जमीन केवढी कसदार असेल! प्रत्यक्षात या जंगलाखालची बरीचशी जमीन निकस आहे. जंगल तोडून, जाळून पेरणी केली तर राखेच्या खतावर दोन-तीन वर्षे पीक येते. पुढे ते घटत जाते.

असे का व्हावे? विषुववृत्ताजवळ बारमाही उष्मा, आणि पाऊस वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर. लाखो वर्षे झिरपणाऱ्या पाण्याने मातीतले कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षार धुऊन नेले. मग झाडे जगतात कशावर? बव्हंशी स्वतःच्याच पालापाचोळ्यावर! उबदार ओलाव्यात गळलेली पाने काही महिन्यांत कुजतात. (थंड प्रदेशात याला कित्येक वर्षे लागतात.) त्यातून सुटलेले क्षार खोल जाण्यापूर्वीच वरच्या थरात पसरलेली मुळे आणि त्यांना लगडलेली बुरशी ते टिपून घेतात. म्हणजे या जंगलाची पुंजी जमिनीत कमी, झाडांच्या अंगातच अधिक. ओंडके बाहेर गेले की त्यांच्याबरोबर तीही जाते.

जंगल उभे असले तरी थोडा फॉस्फरस पाण्याबरोबर वाहून जातोच. त्याची भरपाई करते अटलांटिकपलीकडच्या सहारातून वाऱ्याने येणारी धूळ! उपग्रहाच्या निरीक्षणांवरून २०१५ साली शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला, की या धुळीतून वर्षाला सुमारे २२,००० टन फॉस्फरस ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडतो. जवळजवळ तेवढाच तिथून वाहून जातो.