बापाची सिगारेट, लेकराचा दमा

लहानपणी दमा मुलग्यांत जास्त आढळतो. वयात आल्यावर पारडं फिरतं. काही स्त्रियांची धाप पाळीच्या आधी हमखास बळावते.

मग रजोनिवृत्ती. नाकाला चिमटा लावून, छाती भरून श्वास घेऊन स्पायरोमीटरच्या नळीत दम संपेपर्यंत फुंकायचं, अशी तपासणी युरोपात 1400हून अधिक स्त्रियांची सुमारे वीस वर्षांच्या अंतराने झाली. 2017मध्ये निष्कर्ष आला : पाळी थांबल्यावर फुप्फुसांची क्षमता नुसत्या वयाने घटेल त्याहून जास्त घटते. यातून लागणारी धाप ‘वयच झालं’ म्हणत अंगावर काढली जाते, हे फार वाईट.

दम्याचं मूळ शोधताना नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या सेसिली स्वानेस यांच्या गटाने तर बापांकडे लक्ष वेधलं. सिगारेट टाळण्याचे उपदेश एरवी गरोदर आईलाच होतात! या गटाच्या 2016च्या अभ्यासात, ज्यांच्या वडिलांनी वयाच्या पंधरा वर्षांआधी सिगारेट धरली होती, त्यांच्यात अ‍ॅलर्जीविना, लहान वयात सुरू होणारा दमा सुमारे तिपटीने जास्त आढळला. मूल होण्याच्या कितीतरी आधी वडिलांनी ती सोडली असली, तरीही धोका दिसलाच. वयात येताना शुक्राणूंच्या मूळ पेशींवर धुराचा परिणाम होत असावा, असा संशोधकांचा कयास आहे. 2023मध्ये अशा वडिलांच्या अपत्यांच्या डीएनएवर 19 ठिकाणी वेगळ्या रासायनिक खुणा आढळल्या. त्यांतल्या काहींचा संबंध दम्याशी आणि लठ्ठपणाशी लागतो.