पहिल्या वर्षाची उधारी

शैक्षणिक कर्जाचा हप्ता अभ्यासक्रम संपल्यानंतर सर्वसाधारणपणे वर्षभराने सुरू होतो. व्याजाची आकारणी मात्र रक्कम उचलल्या दिवसापासून होत असते. विद्युत अथवा संगणक अभियांत्रिकीला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने अभ्यासाचा नियमही हाच आहे, हे ओळखावे. पहिल्या वर्षी जे समजून घ्यायचे राहते, त्याची मागणी पुढील वर्षी सव्याज होते.

१९८३ मध्ये गोकुळ शिरगावला के.आय.टी. आणि १९८४ मध्ये कसबा बावड्याला डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे खेड्यापाड्यांतील मुलांना घराजवळ ही दारे उघडली. दार उघडणे सोपे झाले, तरी पहिल्या वर्षाचे गणित सोपे झालेले नाही. ‘संमिश्र संख्यांचा उपयोग काय?’ असा प्रश्न अनेकांना पडतो आणि उत्तर न शोधता तो विषय केवळ उत्तीर्ण होण्यापुरता उरकला जातो.

उत्तर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. एखादा कारखाना ८० किलोवॅट वीज वापरतो आणि मोटारींमुळे त्याचा पॉवर फॅक्टर ०.८ आहे, असे समजा. त्याला वाहिनीतून १०० केव्हीए घ्यावे लागतात. मोटारींच्या चुंबकीय क्षेत्रासाठी ये-जा करणारे ६० केव्हीएआर प्रत्यक्ष काम करीत नाहीत. पण प्रवाह वाढवून तारा तापवतात. ८० आणि ६० यांच्या वर्गांची बेरीज १०० च्या वर्गाइतकी येते, हे ताडून पाहावे. योग्य कपॅसिटर बसवून हा बोजा हलका करता येतो. हा सारा हिशेब संमिश्र संख्यांचाच आहे. संगणकाच्या पडद्यावरील चित्र फिरवणे असो वा कृत्रिम बुद्धिमत्ता, तेथे मॅट्रिक्सवाचून चालत नाही.

या दोन शाखांमधील भिंतही पातळ आहे. १९३७ साली क्लॉड शॅनन या अमेरिकी विद्यार्थ्याने बूलचे बीजगणित विद्युत रिलेच्या जोडणीला लागू होते, हे आपल्या प्रबंधात दाखवून दिले. संगणकाच्या मंडलरचनेचा पाया त्यातून घातला गेला. म्हणून मनाजोगी शाखा न मिळाल्याचे दुःख फार काळ बाळगू नये.

दिनक्रम साधा असावा. प्रात्यक्षिकाचे जर्नल त्याच संध्याकाळी, स्वतःच्या नोंदींवरून लिहावे. मित्राचे उतरवून काढू नये. मोबाइलवर तयार प्रोग्रॅम क्षणात मिळतो. तो पाहण्यापूर्वी आपला लिहून चालवावा आणि त्यातील चूक आपणच शोधावी. मराठी माध्यमातून आलेल्यांनी संज्ञा इंग्रजीत पाठ कराव्यात, अर्थ मात्र मराठीत पक्का करावा. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्यांनी पहिल्या वर्षाचे गणित सुटीतच भरून काढावे. एटीकेटी मिळाली म्हणून विषय सुटला, असे कोणीही मानू नये.

पालकांनीही ‘पॅकेज किती मिळेल?’ हा प्रश्न चौथ्या वर्षापर्यंत राखून ठेवावा. सध्या ‘आज काय समजले?’ एवढे विचारणे पुरेसे आहे.

दिवाळीला व्यापारी वहीतील येणे-देणे तपासतो. विद्यार्थ्याने त्याच सुमारास न समजलेल्या प्रकरणांची यादी करावी आणि सत्र संपण्यापूर्वी ती शिक्षकांपुढे ठेवावी. यादी लांब निघाली तरी लाजू नये. या टप्प्यावर मुद्दल थोडे असते. ते फेडणे प्रत्येकाच्या आवाक्यात असते.